पडदे धुवायचा दिवस

आवाज अगदी लहान होता. कुणीतरी बाहेरून काचेवर एकदाच बोट आपटावं आणि आतून ओ यायच्या आधीच निघून जावं, एवढाच. नेरीमान न्हाणीघरात टबाच्या कडेला बसली होती, हात कोपरापर्यंत निळीच्या पाण्यात, आणि त्या पाण्यात बैठकीच्या खोलीचे सगळे जाळीचे पडदे फुगून तरंगत होते. आवाज आला तेव्हा तिनं मान वर केली नाही. हातही बाहेर काढले नाहीत. दुपारची बांग नुकतीच संपली होती, मशिदीच्या कर्ण्यातली खरखर अजून हवेत होती, आणि तो आवाज कसला आहे हे तिला ठाऊक होतं. ठाऊक होणं आणि उठणं या दोन्हींच्या मधे जी काही जागा असते तिथं ती किती वेळ बसून राहिली, हे तिला पुढं कधीच नीट सांगता आलं नसतं. पाणी गार होतं, बरं वाटत होतं. बोटं निळी दिसत होती. मग ती उठली आणि ओल्या हातांनीच बाहेर आली.

खोलीत शिरताना आधी उजेडच अंगावर आला. सव्वीस वर्षं ती या घरात राहत होती आणि या खोलीत एवढा उजेड तिनं वर्षातून दोनदाच पाहिला होता, दोन्ही बायरामांच्या, म्हणजे ईदींच्या, आदल्या दिवशी, पडदे धुवायला उतरवले की. एरवी उस्कुदारच्या त्या चढावरच्या सगळ्या खिडक्यांसारख्या याही खिडक्या बारा महिने पांढऱ्या जाळीआड असायच्या. समोरच्या बायकांना आपल्या घरातलं दिसू नये आणि आपल्याला मात्र त्यांच्या घरातलं दिसावं, अशी ती सोय. आज काचा उघड्या होत्या. सकाळीच तिनं त्या व्हिनेगरच्या पाण्यानं आणि वर्तमानपत्राच्या बोळ्यानं घासून अशा लख्ख केल्या होत्या की काच आहे की नाही तेच कळू नये. बाहेरचा चिनार, त्याची कोवळी पानं, सगळं खोलीतच येऊन उभं राहिल्यासारखं दिसत होतं. आपल्यालाही वाटलं असतं की सरळ जाता येईल, असं तिच्या मनात आलं. मग तिनं खाली बघितलं.

खिडकीखाली, रेडिएटरच्या पायाशी, बोंजुक पडला होता, घरातलं बोलकं पाखरू. तान्ह्या पोराला दृष्ट लागू नये म्हणून खांद्याला टाचतात त्या निळ्या मण्याचं नाव त्याला तिच्या नवऱ्यानं, वेदातनं, दिलं होतं, आणि जमिनीवर पडलेला तो दिसतही होता तसाच, कुणाच्या तरी अंगावरून गळून पडल्यासारखा. एक पंख उघडा. वेदात खुर्चीतून अर्धवट उठलेला, डावा हात खुर्चीच्या दांड्यावर रोवलेला, उजवा हात नेहमीसारखा लोंबता. पिंजऱ्याचं दार उघडं. रोज दुपारच्या बांगेला ते दार तोच उघडायचा, डाव्या हातानं, चार वेळा कडी हुकली तरी पाचव्यांदा. दिवसभरात त्याच्या हातून होणारं तेवढं एकच काम, आणि त्याला तो कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

"गोड पाखरू," वेदात म्हणाला. मग घाईघाईनं, "गोड पाखरू. पाणी आलं का? पाणी आलं का?"

"बस तू. आधी खाली बस बघू," नेरीमान म्हणाली. "काही झालेलं नाही. मी बघते ना."

तिनं पदरासारखा कमरेला खोचलेला टॉवेल काढला, त्यात बोंजुकला उचललं. ऊब होती. बोटाला छातीचा ठोका लागत होता, इतका भरभर की ठोके वेगळे येतच नव्हते, नुसती थरथर. जिवंत होता. ती तशीच गालिच्यावर बसली, पाठ वेदातकडे करून, कारण त्या क्षणी तिला त्याचं तोंड बघायचं नव्हतं आणि आपलं दाखवायचंही नव्हतं.

स्वयंपाकघराच्या खिडकीतून इमारतीच्या मधल्या उजेडाच्या बोळकांडीत तोंड घालून तिनं हाक मारली, "शुक्रान आब्ला," आणि वरच्या मजल्यावरून चपला फटफटत खाली आल्या. शुक्रान आब्ला तिच्याहून बारा वर्षांनी मोठी, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, घरात कॅनरी पक्ष्यांच्या पिढ्यान्पिढ्या मेलेल्या. इमारतीतल्या सगळ्यांची ती आब्ला, म्हणजे थोरली बहीण, मग कुणाला आवडो न आवडो. तिनं टॉवेलचं टोक उचलून एकदा बघितलं आणि मोज्यांचा रिकामा खोका मागितला.

"डोक्याला मार आहे," ती म्हणाली. "खोक्यात ठेव, झाकण लाव, अंधार कर. पाणी पाजू नकोस, गुदमरेल. दोन तास हात लावायचा नाही. जगायचा असला तर दोन तासांत आतून खुडबुड करायला लागेल."

"आणि नसला तर?"

"तर नाही करणार. आणि दर मिनिटाला झाकण उचलून बघू नकोस. मी ओळखते तुला. भात लावलास तरी दहा वेळा झाकण काढतेस." मग तिनं आतल्या खोलीच्या दिशेनं मान वळवली आणि आवाज उतरवला. "त्याला काय सांगितलंस?"

"काही नाही."

"सांगू पण नकोस. पडदे काढलेस आणि पाखरू सोडू दिलंस, नेरीमान, तू तर घराचं इस्पितळ करून ठेवलं होतंस. कसं विसरलीस ग?"

खोक्याच्या झाकणाला नेरीमान काट्यानं भोकं पाडत होती.

आणि आब्लाचं म्हणणं काही खोटं नव्हतं. आठ महिने नेरीमाननं या पाखराला डोळ्यांत तेल घालून जपलं होतं. कमोडचं झाकण कायम पाडलेलं, कारण खालच्या गल्लीतल्या कुणाचं तरी पाखरू त्यात बुडालं होतं. चहाची किटली उकळत असली की स्वयंपाकघराचं दार बंद. लेकीनं, नालाननं, हौसेनं आणलेला न चिकटणारा काळा तवा रिकामा तापला तर त्याच्या वाफेनं पाखरं पटापट मरतात असं पिंजरेवाल्यानं सांगितलं, त्याच संध्याकाळी तिनं तो आब्लाला देऊन टाकला. ("म्हणजे मी मेले तर चालेल," आब्ला म्हणाली होती आणि तवा घेऊन गेली होती.) फरशी घासायला ब्लीच आणि तेजाब एकत्र करायची या इमारतीतल्या बायकांची जुनी खोड, नाकातून पाणी आल्याशिवाय कुणाला स्वच्छ झाल्यासारखं वाटायचं नाही, ते सोडून ती साध्या साबणावर आली. आरशावर कापड. बोंजुकला गालिच्यावरून चालायची हौस म्हणून घरात कुणी पाय उचलून टाकायचा नाही, घासत न्यायचा, आणि पाहुण्यांनी सोफ्यावर बसण्याआधी उशी उचलून बघायची. नात्यातल्या बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. हसू देत. त्यांना काय माहीत त्या पाखरात काय ठेवलेलं आहे.

गेल्या ऑगस्टमध्ये, चहाचा पेला हातात असताना, वेदात स्वयंपाकघराच्या दारात उभ्या उभ्या कोसळला होता. पेला फुटला नाही. ते तिला अजून दिसायचं, पेला गालिच्यावर गोल फिरत गेला आणि थांबला. इस्पितळातून आला तो उजवा हात आणि सगळे शब्द तिथंच ठेवून. शब्द आत आहेत, वाट बंद झाली आहे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वेदातला हे सांगता आलं असतं तर तो म्हणाला असता, पाणी आहे, नळ चोंदलाय. तीस वर्षं शहराच्या पाणीखात्यात नकाशे काढलेला माणूस. फिरायला गेला की पायाखालच्या रस्त्याखालून कुठला नळ जातो, किती जुना, कुठं वळतो, कुणी चुकीचा टाकला, हे तो बोलत राहायचा, आणि ती कंटाळून म्हणायची, अरे वर बघ, वर समुद्र आहे. केवढी कटकट वाटायची ती बडबड. आता त्या रस्त्यांवरून ती एकटी भाजी आणायला जायची आणि खाली सगळं मुकाट वाहत असायचं.

निवृत्त झाल्यावर त्यानं पहिलं काय केलं असेल, तर हे पाखरू आणलं. रोज सकाळी पिंजऱ्यावर टॉवेल टाकून, त्याला तोंड लावून, एकच वाक्य अर्धा अर्धा तास. तीन वर्षांत अकरा वाक्यं. "गोड पाखरू" हे तर या शहरातल्या प्रत्येकच पाखराला येतं. पण "पाणी आलं का?" हे फक्त वेदातच शिकवू शकत होता, त्या उन्हाळ्यात जेव्हा आठवडा आठवडा नळाला पाणी नव्हतं आणि सगळी गल्ली पाणीखात्याचा माणूस म्हणून त्याच्याच नावानं बोटं मोडत होती. "चहा टाक." "वा, काय हवा." आणि तिला छळायला म्हणून मुद्दाम शिकवलेलं, "नेरीमान चिडली." ती चिडली की खरंच पिंजऱ्यातून आवाज यायचा आणि मग तिला चिडणंही धड जमायचं नाही.

डिसेंबरातल्या एका सकाळी बोंजुक म्हणाला, "पाणी आलं का?" आणि पलंगावरून वेदातच्या आवाजात, पूर्ण, स्वच्छ, जुन्या आवाजात, "पाणी आलं का?" असं आलं. ती पलंगाच्या कडेवर बसून मोठ्यानं रडली होती. मग जानेवारीत "गोड पाखरू." मग "चहा टाक." मग मार्चमध्ये "वा, काय हवा." त्यानं पाखराच्या कानात घालून ठेवलेली वाक्यं पाखरू आता एकेक करून परत करत होतं. चार आली होती. सात राहिली होती. ती रोज सकाळी मनातल्या मनात मोजायची, आणि त्या सातांतल्या एकावर तिचा जीव टांगलेला होता. चिडली तर चिडली, पण त्यात तिचं नाव होतं.

तिनं स्वतः प्रयत्न केले नव्हते असं नाही. त्याच्यासमोर बसून, "म्हण, ने. म्हण, री," असं ती किती दिवस करत राहिली. तो तिच्या ओठांकडे बघायचा, कपाळावर घाम यायचा, आणि मग तो मान फिरवायचा. पाखराशी मात्र तो हसायचा. पाखरू त्याच्याकडून कशाची वाट बघत नव्हतं ना. हे सगळं तिला कळत होतं, आणि कळूनही एका मुठीएवढ्या पाखराचा तिला हेवा वाटत होता. साठीला आलेल्या बाईला. त्याच पाखरासाठी ती घरात पाय घासत चालत होती, आणि त्याच पाखराकडे रात्री पिंजऱ्यावर कापड टाकताना तिला कधी कधी बघवत नव्हतं.

खोका तिनं कपाटात ठेवला, पिठाच्या डब्याशेजारी, आणि दार लोटलं. आब्ला वर गेली. नेरीमान बैठकीच्या खोलीत आली आणि वेदातसमोरच्या खुर्चीत बसली. घड्याळात पावणेदोन झाले होते. रोज्यांच्या महिन्याचा तो शेवटचा दिवस, पहाटेपासून तिच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता, आणि महिनाभराच्या अर्ध्यामुर्ध्या झोपेनं डोकं हलकं हलकं झालेलं, तळ्यावर सोडलेल्या होडीसारखं. उजेड थांबत नव्हता. भिंतीवरच्या फोटोंत, चांदीच्या वाटीतल्या उद्यासाठी आणलेल्या गोळ्यांच्या चमचमत्या कागदांत, वेदातच्या गालावरच्या न काढलेल्या खुंटांत, सगळीकडे तो शिरत होता. आपलं सगळं घर पाण्याखाली गेलंय आणि आपण दोघं तळाशी बसून आहोत असं तिला वाटायला लागलं. दूर बंदरातून बोटीचा भोंगा आला, लांब, जाड.

"झोपलाय," ती वेदातला म्हणाली. "घाबरला जरा. आत अंधारात ठेवलाय. ठीक आहे तो."

वेदात पिंजऱ्याच्या उघड्या दाराकडे बघत होता. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

तिचे डोळे मिटले असावेत. शहराच्या पोटातल्या नळांतून बोंजुक चालत होता. पाणी नव्हतं नळात, नुसता गार अंधार, आणि त्याची नखं आत टिकटिक वाजत होती. उरलेली सात वाक्यं त्याच्या पोटात होती, ती तिला बाहेरून दिसत होती, सात दिवे लावावेत तशी, आणि वेदात शेजारी चालत सांगत होता की तलावापासून आपल्या घरापर्यंत यायला पाण्याला तीन तास लागतात, पण हा नळ मी काढलेलाच नाही, हा कुणी काढला. ती त्याला म्हणाली, वर बघ ना जरा. त्यानं वर बघितलं आणि वर काच होती. तिनं दचकून डोळे उघडले. दोन वाजून दहा मिनिटं. वेदात तसाच बसलेला. कपाटातून काही आवाज नव्हता.

आणि मग त्या लख्ख उजेडात, बसल्या जागी, तिला टाळता येईना. कसं विसरलीस, आब्लानं विचारलं होतं. दरवर्षी पडदे उतरवायच्या सकाळी वेदात स्वतः पिंजरा उचलून स्वयंपाकघरात न्यायचा, वर टॉवेल टाकायचा, "आज सुट्टी बंद रे बाबा," असं म्हणायचा. पडदा हीच पाखराची भिंत, हे त्याला माहीत होतं. ते त्याचं काम होतं, म्हणून तिच्या लक्षात राहायचं कारणच नव्हतं. यंदा तो ते करू शकत नव्हता आणि तिच्या डोक्यात आलं नाही. लोकांना सांगायला हे चांगलं होतं. नालान उद्या अंकाराहून आली की तिलाही पटलं असतं. आणि सकाळपासून बांगेपर्यंत ते खरंही होतं.

पण बांग सुरू झाली तेव्हा तिला आठवलं होतं. पहिल्या ओळीलाच. पाण्यातला पडदा हातात होता आणि तिला वाटलं, बांग झाली, आता हा दार उघडेल. आणि लगेच, पडदे नाहीत. हाक मारायची होती, बस. वेदात, थांब, दार उघडू नकोस. हाक घशापर्यंत आली होती. आणि त्याच वेळी तिला सकाळचे दोन शर्ट आठवले. सकाळी ती दोन्ही हातांत दोन शर्ट घेऊन त्याच्यासमोर उभी होती. "उद्या कुठला घालतोस, पांढरा की रेघांचा? नालान येतेय, दाढीही करूया." आणि आज तिनं ठरवलं होतं की तो काहीतरी दाखवेपर्यंत हलायचं नाही. तो तिच्याकडे बघत राहिला. ओठ हलले. काहीतरी येत होतं, तिला शपथेवर सांगता आलं असतं की काहीतरी येत होतं, आणि तेवढ्यात पिंजऱ्यातून बोंजुक म्हणाला, "वा, काय हवा." वेदातचा चेहरा सैल झाला. तो पाखराकडे वळला, "वा, काय हवा," म्हणाला, आणि हसला. ती दोन्ही शर्ट परत टांगून आली होती.

एवढंच. शर्ट. हाक घशात होती आणि मधे दोन शर्ट आले. पाखराला मारावं असं काही तिच्या मनात नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पण विसरली असंही नव्हतं. बांग लांब असते. तिच्यात सगळं मावेल एवढा वेळ असतो, आणि तेवढा सगळा वेळ ती निळ्या पाण्यात हात घालून बसली होती, आणि बांग संपली, आणि मग तो लहानसा आवाज आला.

अडीच वाजता तिनं कपाटाला कान लावला. पावणेतीनला परत. आब्लानं सांगितलेले दोन तास होऊन गेले तरी तिचा हात झाकणाकडे जाईना. तिनं उगीच टबातले पडदे पिळले. एरवी ते ओलेच टांगायचे, अंगच्या वजनानं सरळ होतात, इस्त्री लागत नाही. आज ते टांगावेसे वाटेनात, पिळून बादलीत तसेच ठेवले. तिसऱ्या प्रहराची बांग झाली. तेव्हा मात्र ती गेली आणि खोका उघडला. बोंजुक कुशीवर होता. डोळा अर्धा मिटलेला. टॉवेल गार नव्हता पण पाखरू गार होतं. एवढंसं अंग, किती लवकर गार होतं. तिनं बोटानं त्याच्या डोक्यावरची पिसं सारखी केली आणि मग तिला लक्षात आलं की आपण जे मोजत होतो ते मोजायचं आता काही कारण नाही. चार आलेली आहेत. चारच.

बोळकांडीतून तिनं हाक मारली नाही, तरी आब्ला आली. बाईला वरून कसं कळायचं देव जाणे. खोक्यात बघून तिनं नेरीमानच्या पाठीवरून नुसता हात फिरवला, दोनदा.

मग म्हणाली, "ऐक माझं. कोट घाल. पिंजरेवाला आज उशिरापर्यंत उघडा असतो, बायरामचं गिऱ्हाईक. निळाच घे. कपाळावर पिवळा ठिपका नसलेला. मी बसते त्याच्यापाशी."

"तो ओळखेल."

"काय ओळखणार आहे? मी माझ्या नातवाला चार कॅनऱ्या एकाच नावानं खपवल्या. निळं ते निळं."

"ते बोलणार नाही, आब्ला."

"शिकेल."

"कोण शिकवणार?"

तरी नेरीमाननं कोट घातला. एक बाही, मग दुसरी. डोक्याला रुमाल बांधला. दारात येऊन तिनं बुटात पाय घातला आणि तिथं तिला स्वच्छ दिसलं की ती निळं पाखरू घेऊन येईल, ते पिंजऱ्यात मुकं बसेल, वेदात त्याला "गोड पाखरू" म्हणेल आणि समोरून काही येणार नाही, आणि तो ते कुणाला विचारूही शकणार नाही. तो म्हणेल, पाणी आलं का. ते त्याच्याकडे बघत राहील. आणि ती स्वयंपाकघरात उभी राहून कांदा चिरत असेल आणि तिला सगळं माहीत असेल. असं किती वर्षं. तिनं बुटातून पाय काढला.

"तू वर जा, आब्ला," ती म्हणाली. "मी सांगते त्याला."

"आज? बायरामच्या आदल्या दिवशी? अग, जरा दम धर. उद्या पोरीला येऊ दे."

"नको. जा तू."

कोट अंगावर तसाच ठेवून ती आत गेली. खोका दोन्ही हातांत होता. वेदातनं दाराकडे बघितलं, मग खोक्याकडे, आणि तिला सांगावं लागलं नाही. त्यानं हात पुढं केला. तिनं खोका त्याच्या मांडीवर ठेवला आणि त्यानं डाव्या हाताच्या एका बोटानं बोंजुकच्या पंखावरून, शेपटीपर्यंत, सावकाश एक रेघ ओढली. ऊन एव्हाना कलतं झालं होतं. खोलीतली प्रत्येक वस्तू जमिनीवर लांब पडली होती, टेबल, खुर्ची, रिकामा पिंजरा. ती त्याच्या पायाशी गालिच्यावर बसली. कुठून सुरुवात करावी ते तिला कळेना. पडद्यांपासून, की शर्टांपासून.

वेदातनं हात उचलला. पिंजऱ्याच्या दाराकडे बोट दाखवलं. मग ते बोट वळवून स्वतःच्या छातीवर टेकवलं.

"मी," तो म्हणाला.

तिला आधी अर्थच लागला नाही. हा शब्द पाखराकडे नव्हता. पाखराला तो कधी कुणी शिकवला नव्हता.

"मी," तो परत म्हणाला. घाम नव्हता, ओठांची धडपड नव्हती. बोट दाराकडे, बोट छातीकडे. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्याला सुचत नव्हतं. "मी. मी."

तिला आनंद झाला. काय करणार, तेच आधी झालं. मेलेलं पाखरू मधे असताना तिच्या छातीत आनंद असा उसळून आला की तिला स्वतःची लाज वाटली. आठ महिन्यांनी, कुणी आधी म्हणून न दाखवता, त्याच्या आतून निघालेला पहिला शब्द. आणि तो त्यानं कशाला वापरला होता, तर तिनं केलेलं आपल्या अंगावर घ्यायला. आता तिनं नुसती मान हलवली असती, नाही रे, दोष कुणाचाच नाही, असं म्हटलं असतं, तरी चाललं असतं. जगातली कुठलीही बायको हेच म्हणाली असती. तो जन्मभर ते दार आपणच उघडलं असं समजत राहिला असता, आणि तिनं त्याला आणखी जपलं असतं.

तिनं त्याचं बोट धरलं. त्याच्या छातीवरून काढलं आणि आपल्या छातीवर ठेवलं, कोटाच्या बटणांच्या मधे.

"तू नाही. मी," ती म्हणाली. "ऐक. मला बांग ऐकू आली. पडदे नाहीत हे मला आठवलं. तू दार उघडणार हेही आठवलं. मला हाक मारता आली असती, वेदात. वेळ होता. मी मारली नाही."

तो तिच्याकडे बघत राहिला. इतक्या महिन्यांत त्यानं तिच्याकडे असं बघितलं नव्हतं. ओठांकडे नव्हे, घाबरून नव्हे, तिच्याकडे, पूर्वी भांडण झालं की बघायचा तसा, सरळ, काही न सोडता. त्याला कळतंय की नाही अशी शंका यायला जागाच नव्हती. त्याला सगळं कळत होतं. शर्टसुद्धा. ती वाट बघत राहिली. तिनं त्याचं बोट सोडून दिलं होतं, पण बोट तिथंच राहिलं होतं.

मग त्या बोटाचा दाब वाढला. कोटातून, आतल्या कपड्यांतून, हाडापर्यंत लागला.

"तू," वेदात म्हणाला.

"हो," ती म्हणाली.

"तू."

"हो. म्हण. अजून म्हण."

"तू," तो म्हणाला, मोठ्यानं, रागानं, रडत, आणि पुन्हा म्हणाला, आणि नेरीमान मान वर करून ऐकत राहिली.